अंधाऱ्या महिन्यांतली ड्यूटी

“मॅडम, घोटीचा फीडर चार्ज करा. माणसं खाली उतरलीत.” फोनवर आमचे साहेब होते.

“परमिट परत आलं नाही, सर.”

“मी सांगतोय ना!”

“तुम्ही सांगून चालत नाही.”

मी इगतपुरी तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर आहे. फीडर म्हणजे गावांकडे वीज नेणारी लाइन. तिच्यावर काम करायचं असेल तर लाइनमन आधी माझ्याकडून परमिट घेतो. मी लाइन बंद करते. ‘काम झालं, माणसं खाली आहेत’ असं त्याने स्वतः सांगून परमिट परत केल्याशिवाय ती चालू, म्हणजे चार्ज, करायची नाही. त्या दिवशी परमिट लाइनमन जाधवांच्या नावावर होतं आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

साहेब वैतागले. “तुमचं ते पावसाळ्याचं दुखणं आता मध्ये आणू नका.”

ते दुखणं काय, सांगते. आमच्याकडे आषाढ लागला की धुकं खाली उतरतं आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. दरवर्षी याच दिवसांत माझा जीव जड होतो. डबा उघडावासा वाटत नाही. वेणी घालायचीसुद्धा ताकद नसते. फोन वाजला की कुणाला तरी शॉक लागलाय असंच वाटतं, छाती धडधडते. ऊन पडायला लागलं की हळूहळू सगळं सरतं.

नाशिकला डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे डिप्रेशन आहे. काहींना ते ठरावीक ऋतूत येतं.” गोळ्या दिल्या, रोज उजेडात चालायला सांगितलं, नाईट शिफ्ट टाळा म्हणाल्या. तसं मी साहेबांना सांगितलं. “मन रमवा,” ते म्हणाले, “नाहीतर बदली घेऊन स्टोअरला बसा.” दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला माझं दुखणं माहीत होतं.

तर, फीडर बंदच होता. राइस मिलवाले फोनवर फोन करत होते. माझी छाती धडधडत होती, हे खरं. पण लख्ख ऊन असतं तरी माझं उत्तर तेच असतं. मी चार्ज केला नाही.

शेवटी जाधव गाडीने स्वतःच आले. “रेंजच नाय मॅडम. लय धुकं हाय. आम्ही मघाशीच उतरलो.”

खांबावर कुणीच नव्हतं. मी परमिट परत घेतलं आणि लाइन चालू केली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा, सगळे खाली होते. तुमच्या भीतीपायी गावं अंधारात बसली.”

“ते खाली आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर?”

“त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने. पुढे रेंजमध्ये जाऊन फोन केला त्याने.”

“परमिट ड्रायव्हरच्या नावावर नव्हतं.” मग मी थांबलेच नाही. “मला डिप्रेशन आहे. गोळ्या चालू आहेत. मागून कुजबुजायची गरज नाही, मीच सांगते. पण काल मी आजारी म्हणून थांबले नाही, ऑपरेटर म्हणून थांबले. बदली घेणार नाही. पावसाळ्यापुरती डे शिफ्ट द्या.”

“आणि नाईट कोण करणार?”

“मी करतो,” आमचे दुसरे ऑपरेटर शेखभाई म्हणाले. “रमजानमध्ये माझी संध्याकाळची शिफ्ट ताईंनी घ्यावी. मला घरी रोजा सोडता येईल. आणि साहेब, काल मी असतो तरी थांबलोच असतो. मला कुठलं दुखणं लावलं असतं तुम्ही?”

कुणीतरी खोकलं. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. शिफ्टचा तक्ता तेवढा बदलून दिला.

आजार गेलेला नाही. यंदाही आषाढात आलाच. ड्यूटी सुटली की उजेड असेपर्यंत रेनकोट घालून भातखाचरांच्या कडेने चालत राहायचे. एकदा-दोनदा चालता चालता रडलेही. पण ड्यूटी एकही चुकवली नाही, आणि रमजानमधल्या शेखभाईंच्या संध्याकाळच्या शिफ्टही भरून काढल्या.

यातून शिकले ते एवढंच. आजार लपवला तर लोक त्याला स्वभाव म्हणतात, सांगितला तर निमित्त म्हणतात. म्हणणारच आहेत, तर सांगून मोकळं व्हावं आणि हवी ती शिफ्ट मागून घ्यावी.