कोपऱ्यातली पिवळी टोपी

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर एक मोठा फोटो आहे. पाहुणे विचारतात, "हा तुम्ही काढलाय?" मी म्हणतो, "चहा घेणार ना?" आणि विषय तिथेच संपतो. आता सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली, डॉक्टरांनी चहाही कमी करायला सांगितला आहे. तेव्हा सांगूनच टाकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झाल्यावर मुलानं पुण्याहून एक कॅमेरा पाठवला आणि फोनवर सांगितलं, "बाबा, काहीतरी करत जा, आईला जरा मोकळं सोडा." समोरच्या बिल्डिंगमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक कंट्रोलर राहायचे. मी त्यांना कंट्रोलरच म्हणायचो, ते मला मास्तर. त्यांनी आयुष्यभर स्टँडवर माइक हातात घेऊन कुठली गाडी कुठे लागली ते सांगितलं होतं. आवाज तिथे कमावलेला. घरात त्यांनी मीठ मागितलं की आमच्याकडेही कळायचं.

"पर एक सांगतो मास्तर," ते म्हणायचे, "जलमभर वरडलो, ऐकलं कुणीच न्हाय. 'बार्शीची गाडी चार नंबरला' म्हणून माइक खाली ठिवला की खिडकीत मुंडकं हाजीर. 'सायेब, बार्शी कुटं लागंल?'"

बायको गेल्यापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघत बसायचे. मुलगा, सून नोकरीवर. माझा कॅमेरा बघून त्यांनी जुन्यात तसलाच एक घेतला आणि त्या खुर्चीतून उठले. सून एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाली, "काका, बाबा आता जेवताना बोलतात." कॅमेरा त्यांच्यासाठी काय होता ते मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

आमच्याच गावच्या शुक्रवार पेठेत एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, लग्नाचे अल्बम बनवणारी एक मुलगी शनिवार-रविवार रॉ फोटो एडिट करायला शिकवायची. आम्ही दोघांनी नाव घातलं. बाकीची पोरं लग्नसराईची तयारी करत होती. स्वतःची आणि मुलांचीही लग्नं उरकून आलेले आम्ही दोघंच.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "जेपीजी म्हणजे कॅमेऱ्यानं भाजून दिलेली कडक भाकरी. मोडता येते, कुस्करता येते, पण परत मळता येत नाही. रॉ म्हणजे पीठ."

"म्हंजे थापायचं आपुनच?" कंट्रोलर म्हणाले. खाली साड्या बघणाऱ्या बायकांनाही ते ऐकू गेलं असणार.

"हो काका."

"मग अवघड हाय. आमच्या घरात मी नुस्ता खाणारा हुतो."

रॉची पहिली ओळख फार निराशेची असते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर झकास दिसलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला की क्षणभर तसाच दिसतो आणि मग डोळ्यांदेखत त्याचा रंग उतरतो. ऐन दुपारचं ऊन मळकट, हिरवं झाड राखाडी. ती मुलगी सांगायची की घाबरू नका, सगळं आत आहे, तुम्ही ते बाहेर काढायचंय. मी बाहेर काढायला लागलो ते थांबेचना. रंग-उजेड कमीजास्त करायचा जो स्लायडर पडद्यावर दिसेल तो शेवटपर्यंत सरकवायचा, असं माझं सुरुवातीचं शास्त्र होतं. सिद्धेश्वर तलावाचं पाणी मी इतकं निळं केलं की आमची ही म्हणाली, "कपड्यांची नीळ सांडली का?" तिच्या सख्ख्या भावाचा फोटो उजळून दाखवला तर विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

कंट्रोलरांचं उलटं. कॉम्प्युटर त्यांच्याकडे नव्हता, त्यांचे फोटोही माझ्याच कॉम्प्युटरवर उतरवायचे. 'मास्तर' आणि 'कंट्रोलर' असे दोन फोल्डर मी केले होते. माउस त्यांच्या हातात दिला की बाण पडद्याबाहेर पळायचा. पण क्लासमध्ये आमचे फोटो लावले की ती मुलगी त्यांच्या फोटोपाशी थांबायची. "काका, कुठं उभं राहायचं ते तुम्हाला बरोबर कळतं." मला म्हणायची, "सर, फोकस छान आहे." इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना मार्क देऊन मला दुसरा नंबर घ्यायची सवय राहिली नव्हती.

त्या हिवाळ्यात आम्ही करमाळ्याला गेलो. ते त्यांचं गाव, भाऊ तिथेच राहायचा. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे होतो. माझ्या डोक्यावर सिमेंटच्या दुकानानं फुकट दिलेली भडक पिवळी टोपी होती. मेंढरांचा एक मोठा कळप रस्त्यावर चढला. धुळीचा लोट उठला, त्यातून ऊन आलं, आणि नेमकी समोरून एसटी येऊन कळपात अडकली. मी गुडघ्यावर बसून मेंढरं टिपायला लागलो. प्रत्येक फोटोवाला तेच करतो.

मागून आवाज आला, "मास्तर, मेंढरं काय बगताय? गाडी बगा की."

"हळू बोला हो, बुजतील ती."

"अवो, गाडी बगा. गाडी."

मी हातानं गप्प बसायची खूण केली आणि मेंढरं टिपत राहिलो.

परत आल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं माझ्याकडे उतरवली. कंट्रोलरांचे त्या रस्त्यावरचे फोटो उघडले. समोरच्या उन्हामुळे एसटीच्या खिडक्या काळ्याठिक्कर आणि बाकी सगळं राख फासल्यासारखं.

"त्या वक्ताला लई भारी दिसलं हुतं," ते म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पुसून टाका मास्तर. जागा मोकळी करा."

मी लगेच पुसले नाहीत, केवळ आळसानं. पुढे कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही, तेव्हा एका दुपारी त्यांचं फोल्डर रिकामं करायला बसलो. पुसण्याआधी सहज एक फोटो उघडला आणि अंधारे भाग उजळणारा शॅडोजचा स्लायडर, माझ्या जुन्या सवयीप्रमाणे, शेवटपर्यंत नेला.

काळ्या खिडक्यांतून माणसं वर आली. प्रत्येक खिडकीत एक चेहरा. काचेला नाक चपटं करून बसलेलं पोर, तोंडाला पदर लावलेली बाई, मान बाहेर काढून ओरडणारा म्हातारा, आणि एवढ्या गोंधळात गाढ झोपलेला एक इसम. बाकी सगळ्यांच्या नजरा खाली, पुढच्या चाकाकडे. तिथे कंडक्टर वाकून एक कोकरू उचलत होता, तिकिटाचं मशीन गळ्यात लोंबत होतं. त्याच्याभोवती सोनेरी धूळ. मेंढरं नुसती कडेला, पायपुसण्यासारखी.

आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक भडक पिवळी टोपी. या सगळ्याकडे न बघता खाली वाकलेला मी, मेंढरांचे फोटो काढत.

त्यांना हाक मारायला मी उठलोही. समोर गॅलरीतच बसले होते. मग वाटलं, आधी नीट करू, मग दाखवू. नीट करायला आठवडा लावला. धूळ थोडी गरम केली, कोकराचं अंग उजळलं, कंडक्टरची खाकी खाकीसारखी केली. या खेपेला एकही स्लायडर जास्त सरकवला नाही. तो माझा पहिला चांगला एडिट होता. काम करता करता तो फोटो मला माझा वाटायला लागला. त्यांनी तर पुसा म्हणूनच सांगितलं होतं. पीठ त्यांचं, पण भाकरी कुणी थापली? अशी बरीच वाक्यं मी त्या आठवड्यात जुळवली. एकच अडचण होती, ती पिवळी टोपी. क्रॉपचं हत्यार घेतलं, डावी कड थोडी आत सरकवली. टोपी गेली.

गावातल्या हौशी फोटोग्राफरांच्या प्रदर्शनात तो फोटो माझ्या नावानं लागला आणि पहिला आला.

उद्घाटनाला कंट्रोलर इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोटोसमोर उभे राहिले. ओळखतील, आता ओळखतील, असं मला वाटत होतं. पण त्यांनी पाहिलेला फोटो राखेचा होता, खिडक्या मुक्या होत्या. ते हळूच म्हणाले, "मी म्हणलं हुतं नव्हं, गाडी बगा म्हणून?" आणि मग वळून सगळ्या हॉलला स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, "मी तितंच हुतो. म्या म्हणलं मास्तर गाडी बगा, आन् ह्यांनी बगितली."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसलो.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "मला नुस्तं दिसतं मास्तर. हाताला येत न्हाय." मी रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं. तिथे बोलायला पूर्ण रिक्षाभर वेळ होता.

पुढच्या महिन्यात त्यांनी कॅमेरा पुतण्याला देऊन टाकला. क्लासला येईनात. गॅलरीतली खुर्ची पुन्हा भरली. मी सकाळी कॅमेरा घेऊन निघालो की वरून आवाज यायचा, "टिपा मास्तर, टिपा." मी मान खाली घालून चालायचो. मग त्यांच्या मुलाची बदली झाली आणि ते करमाळ्याला भावाकडे राहायला गेले. फोन करायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "नवीन काय टिपलं?"

मी काही टिपत नव्हतो. शेवटी एक दिवस ती फाइल उघडली. रॉचं एक आहे, वरून कितीही रंगरंगोटी करा, कापाकापी करा, मूळ आत जसंच्या तसं असतं. क्रॉप काढून टाकला. टोपी आपल्या जागी परत आली. तसाच मोठा प्रिंट काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि करमाळ्याची गाडी पकडली. बोलायचं ते गाडीत मनाशी पाठ करत गेलो. शेजारचा प्रवासी माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघून जरा सरकून बसला.

कंट्रोलर ओट्यावर होते. अंगानं निम्मे झालेले, आवाज मात्र शाबूत. मला बघताच शेजारच्या ओट्यावरच्या मंडळींना ओरडून सांगितलं, "ह्येच ते आमचे मास्तर." आत नेलं. खोलीत देव्हाऱ्याच्या शेजारी प्रदर्शनाच्या पत्रकातून कापलेला तो फोटो चिकटवला होता, खाली छापलेल्या माझ्या नावासकट.

"रोज एकाला तरी दावतो," ते म्हणाले. "जलमभर माइकवर वरडलो मास्तर. एवड्या लोकांत माजं ऐकलं ते तुमीच एकट्यानं."

माझ्या काखेत गुंडाळी होती. ती उघडली असती तर त्यांचा फोटो त्यांना परत मिळाला असता आणि त्यांचं ऐकणारा तो एकुलता एक माणूस गेला असता. माझ्या भित्रेपणाला इतकं चांगलं कारण आयतं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं.

"त्या कागदात काय हाय?" त्यांनी विचारलं.

"कॅलेंडर. रस्त्यात एकानं दिलं."

"द्या की मग, भिताडाला लावू."

"जुनं आहे," मी म्हणालो.

त्यांच्या वहिनीनं भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. मी पोटभर जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं गुंडाळी घेऊन परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात पुतण्याचा फोन आला की काका गेले.

टीव्हीच्या वर आहे तो तोच प्रिंट. पाहुण्यांचं लक्ष आधी खिडक्यांतल्या माणसांकडे जातं, मग कोकराकडे. कोपऱ्यातल्या टोपीकडे कुणी बघत नाही. आणि गाडीत पाठ केलेलं सगळं मला अजून तोंडपाठ आहे. ते असं होतं:

कंट्रोलर, मी तुमचं ऐकलं नव्हतं. गाडी तुम्ही बघितली, फोटोही तुम्हीच काढला. मी खाली वाकून मेंढरं बघत होतो, कोपऱ्यात टोपी दिसते ना, तो मी. तुम्हाला नुसतं दिसत नव्हतं, हातालाही येत होतं. मला ते माहीत होतं आणि मी बोललो नाही. माझं चुकलं. हा घ्या तुमचा फोटो.