धावपट्टीवरचा धूर

इरा, निशांत, बाळांनो, शेतावरून शंकरचा फोन आला तेव्हा माझ्या मनात एकच आलं, विमान पडलं. पण तुमचा दिनूआजोबा, माझा धाकटा भाऊ, नव्या लागणीच्या उसाला पाणी पाजताना मोटारीपाशी टेकला तो उठलाच नाही. मी आभाळाला भीत राहिले आणि तो गेला बांधावर. त्याला दीड महिना झाला. कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला क्रमाने सांगते.

लष्करात त्याने गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो आमच्या रानालगतच्या धावपट्टीवर छोटं विमान चालवायला शिकू लागला. विमानातून रेडिओवर बोलायचं इंग्रजी मी, जुनी शिक्षिका, त्याच्याकडून घोकून घेई. "आक्का, वर गेलं तरी तुजी छडी आठवती," म्हणायचा. मी हसायची. तो वर असला की अंगणात इंजिनाचा आवाज ऐकत उभी राहायची... आवाज बारीक झाला की फाटकापर्यंत धावायची.

मग प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा ठरली. तिची फी, विमानाचं तासावर भाडं, लांबून येणाऱ्या परीक्षकांचा खर्च, यात अख्ख्या हंगामाच्या उसाचे पैसे गेले. पारावर थट्टा चाले, "फौजी, त्यापरीस ट्रॅक्टर घ्याचा, पडत तरी न्हाई!" तो म्हणे, "उडत बी न्हाई, गड्या." ऊस तुटला होता, रानात वाळलेलं पाचट पसरलं होतं. दिनूने सगळ्यांना बजावलं, गुरुवारी परीक्षा होईपर्यंत कुणी काडी लावायची नाही. धुरात धावपट्टी दिसत नाही.

गुरुवारी उजाडताच तो गेला. आमचं शेत बघणारा शंकर दारात आला. "बाई, पाचट आता लावू, का दादा आल्यावर?"

मला सगळं माहीत होतं. मी म्हणाले, "लाव."

धूर जमिनीलगत पसरत गेला. परीक्षकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि ते परतले. आता पुन्हा तेवढाच खर्च, वर सराव टिकवायला विमानाचे नवे तास. दिनू घरी आला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. "आपल्याच रानाचा धूर, आक्का," एवढंच बोलला. मी चहा ठेवला. शंकरला त्याने एका शब्दानेही विचारलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत राहिली...

पुढचा ऊस कारखान्याला गेला, रानात पुन्हा पाचट पसरलं, पैसे जमले, पुन्हा एक गुरुवार ठरला. त्या सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावायला मला काडीपेटी सापडेना. "दिनू, काडीपेटी बघितलीस का रे?"

"दुकानातनं नवी आण की, आक्का," म्हणाला आणि हसत शेताकडे गेला; पाणी पाजून तिथूनच सरावाला जाणार होता. दहाच्या सुमारास शंकरचा फोन आला.

परीक्षेसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट त्याच्या खोलीत खुंटीला होता. तेराव्यानंतर आवरताना खिशाला हात लागला. दिनूने जन्मात विडी ओढली नाही. खिशात माझी काडीपेटी होती.

शर्ट अजून तिथेच आहे, पेटीही. इरा, परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, मला विमान शिकायचंय, तुला भीती वाटेल का?" वाटेल गं. तू शीक. परीक्षेचा दिवस तेवढा मला सांगू नकोस.