गुडघ्यांचं ऑपरेशन आणि उड्यांचा गेम

मैत्रिणींनो, आज दुपारी मी एक लेव्हल पार केली आणि एकटीच हसत बसले.

गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून मी बिछान्यावरच आहे. वेळ जावा म्हणून सुनेने हातात धरून खेळायचा गेम आणून दिला. त्यात एक छोटी पोरगी फळीवरून फळीवर उड्या मारत जाते. मला चालवत नाही, पण तिला मी चांगली पळवते.

एका ठिकाणी मात्र अडकले होते. खाली उडी घ्यायची होती, पण खाली नुसता अंधार. बोट बटणावर जाईचना.

आज एकदम साठच्या दशकातलं आमचं मूर्तिजापूरजवळचं गाव आठवलं. कापूस विकायला न्यायचा म्हणजे बैलबंडीत तुडवून दाबावा लागे. ते काम आम्हा पोरांचं. अंगणाच्या भिंतीवरून थेट भरल्या बंडीत उड्या मारायच्या. मी भिंतीवर रडत उभी राहायची. बाबा खालून म्हणायचे, "काहून भेऊन राह्यली? खाली कापूसच हाये. मार उडी."

आज तेच स्वतःला म्हटलं आणि बटण दाबलं. खाली खरंच एक फळी होती.

सूनबाई, तुझे आभार. बाबांचे मानायचे राहूनच गेले. तुमच्या उडीखाली कोण उभं असायचं, सांगा बरं.

गेमला माझे पाचपैकी चार स्टार. एक कापला, कारण खाली आल्यावर केसांतला कापूस काढून द्यायला तिथे कोणी नसतं.