कणगीवाली जाऊ आणि रेडिओवरच्या माई

गेल्या रविवारी पानशेतला जे झालं, त्यातून मी अजून बाहेर आलेले नाही. ऑफिसात नुसती स्क्रीनकडे बघत बसते... म्हटलं, लिहून टाकावं.

आम्ही भोरला राहतो. सासूबाई विंझरला, शेत सोडून यायचं नाव नाही. त्यांच्या तोंडी कायम एकच बाई... माई. पूर्वी दुपारी रेडिओवर बायकांसाठी कार्यक्रम लागायचा, तो या माई करायच्या.

माझा नवरा तान्हा असताना त्याला जुलाब सुरू झाले. तेव्हा अशा पोराचं पाणी तोडायचे, आणि सासूबाईंच्या सासूपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. पण माईंनी नुकतंच रेडिओवर सांगितलं होतं, बाळाचं पाणी बंद करू नका, मीठ-साखर घालून चमच्याने देत राहा. सासूबाईंनी गोठ्यात लपून पाजलं. पोर जगलं... आता ढेरी सांभाळत फिरतंय.

तर पानशेतला माझी एक मैत्रीण खानावळ चालवते. ती ज्या नव्वदीच्या बाईंना डबा देते, त्याच या माई निघाल्या. हे कळल्यावर सासूबाईंनी वेल्ह्याच्या बाजारातून नवी साडी आणली, घरचा तांदूळ पाखडून घेतला, नाचणीचे पापड बांधले. एवढी लगबग त्यांनी आमच्या लग्नातही केली नव्हती, हे मी नवऱ्याला ऐकवून घेतलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. धरणाच्या वरच्या अंगाला छोटंसं घर. माईंच्या भाचीने आम्हाला बसवलं आणि ती त्यांना आणायला आत गेली. भिंतीवर जुने सिनेमातले फोटो होते. त्यातल्या एकावर माझी नजर गेली... ती कणगीवाली जाऊ होती.

सांगते. सासूबाई नव्या नवरी असताना जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. त्यात एक जाऊ दिराच्या लेकराला धान्याच्या कणगीत कोंडते. गावच्या बायकांना ते सगळं खरंच वाटलं. त्यांनी पडद्यावर ढेकळं मारली, खेळ थांबवावा लागला. सासूबाई तर उभ्या राहून ओरडल्या होत्या, तुझी कूस कधी उजवायची नाही म्हणून.

हा किस्सा आमच्याकडे हसत हसत सांगितला जातो. पण मागे मी मोबाईलवर तो सिनेमा शोधून लावला, तर ती बाई दिसताच सासूबाईंनी मोबाईल पालथा घातला होता...

तेवढ्यात माई वॉकर धरून बाहेर आल्या. तोच चेहरा, तीच वर चढलेली डावी भुवई. मी मुद्दाम सासूबाईंच्या आणि त्या फोटोच्या मध्ये जाऊन उभी राहिले. ज्या आवाजावर त्यांनी जन्मभर भरवसा ठेवला, त्याच्यावरचा भरवसा आता तुटतोय असं वाटलं.

माई बोलायला लागल्या आणि नुसत्या आवाजानेच सासूबाईंचे डोळे भरले. पण मग माईंनीच विषय काढला. आधी सिनेमात होत्या, सगळ्या वाईट बायकांच्या भूमिका. बाजारात गेल्या की बायका पोरं पदराआड घ्यायच्या. पुढे कामं आटली. रेडिओवर घेतलं ते नाव बदलायच्या आणि फोटो कुठे छापू न देण्याच्या अटीवर, नाहीतर खेड्यातल्या बायका रेडिओ बंद करतील म्हणून. (सिनेमातलं नाव लिहीत नाही, त्यांनी नको म्हटलंय.)

सासूबाई उठल्या. मला बाजूला सारलं आणि फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कणगीत पोर घातलं, ती तुमीच व्हय?"

माई फक्त "हो" म्हणाल्या. बहुतेक हे त्यांना सवयीचं असावं.

"तुमाला लेकरंबाळं?"

"लग्नच नाही झालं. एकदा जमत आलं होतं... पण मुलाच्या आईने तोच सिनेमा पाहिलेला."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि स्वतःच्या गालांवर मारून घ्यायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही या बाईने आवाज काढला नव्हता.

"म्या हिला वांझ ऱ्हा म्हणले, बाळू... आन हिनं माजं पोर राखलं."

बाळू म्हणजे माझा नवरा. त्याने माईंना सगळं सांगितलं, जत्रा, ढेकळं, जुलाब, गोठ्यातलं पाणी. त्या म्हणाल्या, ते शब्द माझे नव्हते हो, डॉक्टर लिहून द्यायचे आणि मी वाचायचे. पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, तेही कळायचं नाही.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. पन्नाशीच्या लेकाला दंडाला धरून माईंच्या पायाशी बसवलं.

"म्या ऐकलं ना. ह्यो बगा, केवढा झालाय."

माईंचा हात त्याच्या टकलावरून फिरत राहिला. एरवी प्रत्येक गोष्टीत वाद घालणारा हा माणूस मान खाली घालून बसला होता... आणि साडी, तांदूळ, पापड सगळं गाडीतच राहिलंय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

माझा नवरा, माझी मुलगी, हे अख्खं घर या बाईंमुळे आहे, हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. पण आम्ही त्याआधीच त्यांच्या पदरात काय टाकलं होतं, ते रविवारी कळलं.