मुठीतल्या अक्षता

श्रावणी शुक्रवारी जिवतीची कहाणी मंजूषानेच सांगायची, हा परप्रांतातल्या आमच्या सोनागिरी वसाहतीतल्या मराठी बायकांचा शिरस्ता. तिचा नवरा सत्यजित कारखान्यात इंजिनियर, चारचौघांत भलताच गोड. मला तो पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचा.

या शुक्रवारी आम्ही तिच्या घरी जमलो, तर एवढ्या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून बसली होती. आम्ही अक्षता मुठीत घेतल्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, जागचं उठायचं नाही, हा तिच्या सासूबाईंचा, शकुंतलाबाईंचा करडा नियम. मध्येच कहाणी मोडली तर लेकराच्या जिवाला बाधा येते, असं त्या मानतात. त्यांना लेक एकच, सत्यजित.

"आटपाट नगर होतं," मंजूषाने सुरुवात केली. "तिथे एक बाई होती. तिचा नवरा तिला पट्ट्याने मारायचा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती थांबली नाही. नवरा बाहेरून कडी लावून ड्यूटीवर जायचा, माहेरी फोन करू द्यायचा नाही, सगळं ती कहाणीच्याच चालीवर सांगत गेली. आज सकाळी नवरा तिला म्हणाला होता, बायका गेल्या की बघतो तुला. म्हणजे कहाणी चालू होती तोवरच तिची धडगत होती.

आतल्या खोलीतून सत्यजित दारात आला.

"बस झालं. ऊठ," तो म्हणाला आणि तिच्या दंडाकडे हात नेला.

शकुंतलाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "सत्यजित, मागे हो. कहाणी पुरी होऊ दे."

सुनेसाठी नव्हे, लेकाच्या जिवासाठी बोलल्या त्या. मी त्यांना श्रेय देणार नाही. पण त्याचा हात खाली आला.

मंजूषा शेवटापर्यंत पोचली. आता फक्त 'सुफळ संपूर्ण' म्हणायचं राहिलं होतं. ते न म्हणता ती मूठ मिटूनच उठली.

"उरलेली कहाणी महिला थान्यात, पोलिसांसमोर सांगणार आहे. कोण येतं माझ्याबरोबर?"

आधी शेजारची वसुधा उठली, मग मी, मग एकेक करत सगळ्याच. नियम गेला खड्ड्यात. एवढ्या बायका दाराकडे निघाल्यावर सत्यजितला बाजूला सरकावंच लागलं.

चपला घालताना मी मागे वळून बघितलं. शकुंतलाबाई जिवतीसमोर तशाच बसून होत्या. कहाणी संपली नव्हती, त्यामुळे त्यांना मूठ उघडता येत नव्हती.