उमरेडचा ताणा आणि माझे ब्रेक

"भाऊजी त्या राक्षशीण गाडीवर उमरेडला निघाले. रस्ताभर गाडी उचक्या देत होती, कारण ब्रेक कधी लागत, कधी लागत नसत. पाचगावच्या पुढे टायर फुटलं. उमरेडला विणकरांच्या गल्लीत घुसून त्यांनी लोकांचं सूत तोडलं आणि तिथंच आडवे झाले. शेवटी मीच त्यांना बकऱ्यांच्या गाडीत घालून मांडवात आणलं."

हे माझे शालक सुधाकरराव यांचे प्रवासवर्णन. भाचीच्या साक्षगंधात (साखरपुड्याला आमच्या विदर्भात हा शब्द आहे) पंगतीत वडाभात वाढला जात असताना त्यांनी ते प्रथम सादर केले. त्यानंतर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्वतःच्या आवाजात पाठवले. आता ते दूरच्या नातेवाइकांकडून मलाच ऐकवले जाते, आणि दर खेपेस त्यात एक बकरी वाढलेली असते.

या वर्णनाच्या आधारे माझी कन्या मंजिरी हिने निर्णय दिला, की माझ्या विद्युत दुचाकीची किल्ली यापुढे सुधाकररावांच्या ताब्यात राहावी. शेवटचा शब्द तिने आपल्या आईवर सोपवला. तोवर किल्ली सौभाग्यवतींच्या मसाल्याच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत गेली. पाटबंधारे खात्याच्या आरेखन शाखेत ज्याने हयात घालवली, धरणांचे नकाशे ज्याच्या हाताखालून गेले, त्याची किल्ली मोहरीत! म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले. मी त्या प्रवासात होतो. सुधाकरराव बसच्या खिडकीत होते.

प्रथम गाडीविषयी. ती विकत घेतली तेव्हा तिची मोटार पैलवानाची होती आणि ब्रेक उपाशी माणसाचे. टायर तर पापडाला लाजवतील असे. वेग वाढवणे हा पोरकटपणा आहे. मी त्यात एका खिळ्याचीही भर घातलेली नाही. मी केलेली सर्व सुधारणा थांबण्याच्या दिशेने आहे. दोन्ही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बसवले, पुढची चकती मोठी केली, जाड ट्यूबलेस टायर घातले आणि त्यांत छिद्र आपोआप बुजवणारा हिरवा द्रव भरला. आमच्या मनीषनगरात माझ्याइतक्या विचारपूर्वक थांबणारा दुसरा वाहनधारक नाही.

अशा गाडीचे ब्रेक बिघडले कसे? दसऱ्याला सुधाकरराव सोने द्यायला आले आणि वाहनपूजा त्यांनी हौसेने अंगावर घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले. तोवर ठीक होते. पण चाकातली ती चकाकणारी गोल चकती पाहून त्यांना काय साक्षात्कार झाला देव जाणे. त्यांनी तिला तेल लावून हळदकुंकू वाहिले. "गाडीचं सुदर्शन चक्र आहे हे, भाऊजी!" असे वर मला समजावलेही. दुसऱ्या दिवशी गाडी थांबवायला गेलो, तर ती सावकाश, भक्तिभावाने पुढेच चालत राहिली.

साक्षगंधाच्या सकाळी, घरची मंडळी आदल्या दिवशीच उमरेडला गेलेली असल्याने, मी एकटा मनीषनगराहून महाल नावाच्या जुन्या वस्तीत पोहोचलो. पाय हाच ब्रेक समजून गेलो. तिथे एका बोळात कल्पनाबाईंचे दुकान आहे. त्यांचे वडील सायकलरिक्षा दुरुस्त करीत. बाई विजेच्या गाड्या करतात आणि गिऱ्हाइकाला बोलण्याची संधी देत नाहीत. त्यांनी चाक फिरवले, बोट लावले, वास घेतला.

"काकाजी, हे ब्रेक होय का देवाचा टाक? कोनं लावलं हे कुंकू?"

"माझ्या शालकांनी."

"मंग त्यायलेच बसवा पुढं, नारळ फोडाले! पॅड तेल पेले ना पूर्ण. फेकाचंच काम आहे."

"घासून साफ होणार नाहीत?"

"काहून गा काकाजी, तुमी भज्याचा कागद धुऊन पुन्हा वापरता का?"

मी शेजारच्या टपरीवर तर्री-पोहे (वर हरभऱ्याचा जळजळीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. परतलो तेव्हा चकती निर्मळ होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड नवे होते.

"आयका आता," बाई म्हणाल्या. "नवे पॅड बसवले म्हंजे लगेच धरत नाई. चकतीवर जम बसवा लागते. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवाची, मंग ब्रेक दाबून हळू कराची, पन पूर्ण थांबाची नाई. पुन्हा पळवाची, पुन्हा हळू. रस्ताभर तेच कराचं. मधात थांबले तं माह्या नावानं बोंबलू नका."

"आरसे पाहून करीन."

"मंग का डोळे मिटून करान!"

वाचकांनी ही सूचना ध्यानात ठेवावी. सुधाकररावांच्या 'उचक्या' इथे जन्मल्या.

शहराच्या वेशीवरची दिघोरी मागे पडली आणि उमरेडचा रस्ता मोकळा झाला. आश्विनातले ऊन अंगावर येत होते. दुतर्फा कपाशी फुटायला लागलेली, आणि शेतकऱ्यांनी सोयाबीन वाळवायला थेट डांबरावर पसरलेले, त्यामुळे अर्धा रस्ता सरकारचा आणि अर्धा सोयाबीनचा. मी कार्यास आरंभ केला. गाडी पळवली, दाबली, जवळजवळ उभी केली, पुन्हा पळवली. पहिल्या काही खेपांना ब्रेकने नाखुशी दाखवली. मग हळूहळू त्यांना माझे म्हणणे पटू लागले.

इथे एक लाल बस माझ्या मागून आली. मी हळू होताच ती पुढे गेली. मी पळवताच मी तिच्या पुढे गेलो. मी पुन्हा हळू झालो. ती पुन्हा पुढे गेली. यात माझ्याकडून कोणताही नियमभंग झाला नाही. परंतु बसमधल्या लोकांची करमणूक होऊ लागली, हे नाकारत नाही. एका बाजूच्या खिडक्यांत सगळी बस लोटली होती. अखेर कंडक्टरने दारात लोंबकळत विचारले,

"ओ काकाजी! चढाचं आहे का नाई, एक का ते सांगा!"

"मी ब्रेक बसवतो आहे!" मी ओरडलो.

"बसवा ना! पन आमाले काहून उठबश्या काढाले लावता?"

त्याच खिडक्यांत एक ओळखीचे टक्कल दिसले. सुधाकरराव. मांडीवर भाचीसाठी पेढ्यांचा खोका. त्यांनी दोन्ही हात हलवून मला काही सांगितले. माझ्या मते ते 'छान' असे होते. त्यांच्या मते 'उडी मारा' असे होते.

पाचगाव ओलांडल्यावर माझ्या पुढच्या टायरात बाभळीचा काटा शिरला. फुस्स असा आवाज झाला, हिरवा द्रव पिचकारीसारखा उडाला, आणि दोन-चार फेऱ्यांत छिद्र बुजले. मी काटा तसाच राहू दिला, गाडीवरून उतरलोही नाही. फक्त अधूनमधून एखादा हिरवा थेंब तिथून उडे. आणि याच सुमारास मागे तोफेसारखा धडाका झाला.

तो बसचा टायर होता.

मी मागे वळून पाहिले. बस रस्त्याच्या कडेला कलंडून उभी, उतारू खाली, आणि सुधाकरराव पेढ्यांचा खोका डोक्यावर धरून उन्हात. मी परत जाऊन त्यांना मागे बसण्याची विनंती केली. साक्षीदार म्हणून संपूर्ण बस आहे.

"मले जगाचं आहे, भाऊजी," ते म्हणाले. "भाचीचं लग्न पाहाचं आहे."

"माझे टायर शाबूत आहेत. फुटला तो तुमचा."

"माहा कसा? मी का टायर आणला घरून?"

मी त्यांना तिथे सोडले. पुढे कोळशाच्या ट्रकांच्या रांगेतून, तोंडावर काजळी झेलत, मी उमरेडात शिरलो. ब्रेक आता असे जमले होते की बोटाच्या इशाऱ्यावर गाडी नतमस्तक होई. कल्पनाबाईंचा विधी पुरा झाला होता. तरी एक शेवटची खेप करावी, असे मनात आले. आरेखकाला शेवटची रेघ सोडवत नाही. मांडवाची गल्ली समोर होती आणि मोकळी दिसत होती. मी गाडी पळवली आणि वळण घेतले.

वळणापलीकडे गल्लीभर ताणा पसरलेला होता.

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे. विणकर ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणतात आणि कुंच्याने त्यांना खळ लावतात. त्या कामाला पाजणी म्हणतात. उन्हात ते शेकडो ओले धागे दिसत नाहीत, नुसते चकाकतात. दोन्ही बाजूंना कुंचे घेतलेली माणसे, आणि मधोमध यमुनाबाई नावाच्या एक वयस्क विणकर, ज्या माझ्याकडे पाहून ओरडल्यादेखील नाहीत. ओरडायला वेळ आहे असे त्यांना वाटले नसावे.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागच्या टायरने जमिनीवर काळी रेघ ओढली. बोटांखाली तो सगळा रस्ता, त्या सगळ्या 'उचक्या' एकवटल्या. आणि गाडी उभी राहिली. माझ्या पुढच्या चाकाची सावली धाग्यांवर पडली होती. चाक पडले नव्हते.

मग यमुनाबाई पुढे आल्या आणि त्यांनी धाग्यांवरून हात फिरवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. एका कडेजवळ हात थांबला. टायरमधून उडालेला एक हिरवा थेंब धाग्यांवर बसला होता.

"हे का होय जी, बाबाजी?"

"टायरमधले औषध आहे."

"मंग सुताले काहून पाजलं? पाजणी आमी करून राहिलो ना!" त्यांनी थेंब पुसून पाहिला, तो पसरू लागला तसा सोडून दिला. "तुटलं नाई, नशीब. पन हा डाग आता कोन घेते? पहिली साडी तुमीच न्याची. बोला हो म्हनून."

मी हो म्हणालो. त्या प्रसंगी मी धरणही नेले असते.

पण मला अंतर पाहायचे होते. इतक्या जवळून थांबणे हे मोजल्याशिवाय सोडणे म्हणजे कृतघ्नपणा. उभ्याने अंदाज येईना, म्हणून मी जमिनीवर पालथा झालो, गाल मातीला टेकवला आणि चाक व धागे यांच्यामध्ये हात पसरला. बरोबर एक वीत. वरून खळ माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिबकत होती. नेमक्या याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी बकऱ्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला आणि त्यातून, पेढ्यांच्या खोक्यासह, सुधाकरराव उतरले.

"गेले!" त्यांनी टाहो फोडला. "भाऊजी गेले!"

"मी मोजतो आहे!" मी खालून म्हणालो.

"डोक्याले लागलं वाट्टे," ते टेम्पोवाल्याला म्हणाले.

आता मांडवातल्या प्रवेशाविषयी. पाजणी वाळेपर्यंत तिथून काहीही हलवायचे नाही, धूळ उडते, असा यमुनाबाईंचा दंडक होता, आणि त्यांच्यापुढे माझी बोलण्याची तयारी नव्हती. गाडी तिथेच राहिली. मुहूर्त जवळ आला होता. मांडव गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी, आणि वळसा घालून जायला वाहन एकच. होय, मी बकऱ्यांच्या गाडीत बसलो. स्वतःच्या पायांनी चढलो आणि पुढे, चालकाशेजारी बसलो. बकऱ्यांत उभे होते ते सुधाकरराव. पेढ्यांच्या खोक्याचा एक कोपरा वाटेत कोणी खाल्ला, ते त्यांनी आपल्या वर्णनात सांगितलेले नाही. मांडवातल्या मंडळींनी मात्र एवढेच पाहिले, की खळीने माखलेला एक म्हातारा टेम्पोतून उतरतो आहे आणि त्याचा शालक त्याला दंडाला धरून आणतो आहे. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की रडण्यासाठी, ते मी आजवर विचारलेले नाही.

ऊन कलले तेव्हा पाजणी वाळली. ताणा गुंडाळला गेला. मी गाडी काढली आणि त्याच रस्त्याने मनीषनगरला आलो. सोयाबीन, ट्रक, दिघोरी, सर्व काही. जिथे थांबायचे तिथे थांबलो. दारात माझ्याआधी पोहोचलेल्या मंजिरीने हात पुढे केला आणि मी किल्ली दिली. भांडायला माझ्यापाशी पुरावा नव्हता. एक वीत रिकामी जागा होती, आणि रिकामी जागा दाखवता येत नाही.

ती रिकामी जागा आता विणून घरी आली आहे. यमुनाबाईंनी शब्द पाळला. पहिली साडी त्यांनी मला पाठवली. गर्द जांभळी, काठाशी एक हिरवा ठिपका. काल दुपारी सुधाकररावांच्या देखत मी ती सौभाग्यवतींपुढे ठेवली. सुधाकरराव म्हणाले, साडी दुसऱ्याच ताण्याची असेल. सौभाग्यवतींनी ठिपक्याला नाक लावले.

"टायरचाच वास आहे रे, सुधाकर," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी साडी खिडकीशी नेली, पदर उजेडात धरला आणि ठिपक्याच्या भोवती बोटे फिरवू लागल्या. विणकर तुटलेला धागा गाठ मारून जोडतो. ती गाठ डोळ्याला फसवते, बोटाला फसवत नाही. शेवटी त्या स्वयंपाकघरात गेल्या, मसाल्याचा डबा उघडल्याचा आवाज झाला, आणि माझ्या तळहातावर किल्ली पडली, तिला मोहरीचे दोन दाणे चिकटलेले होते.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर ज्यांना अजून शंका असेल त्यांनी मनीषनगरला यावे, हात धुऊन साडी चाचपून पाहावी. ठिपक्याभोवती चारी दिशांना, वीतभर अंतरापर्यंत, एकही गाठ नाही.