कोठीतली बॅटरी

व्हर्ना आणि नेस्टर हनातियुक यांचा संसार इतकी वर्षं टिकला, पण बॅटरीवरून त्यांचं कधीच जमलं नाही. दर ऑक्टोबरात नेस्टर आपल्या निळ्या मोटारसायकलची बॅटरी काढून घरात आणायचा आणि कोठीच्या खोलीत, बीटाच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी फळीवर मांडायचा. गॅरेजमधल्या थंडीत ती मरते म्हणे. "माझ्या लोणच्याला तेजाबाचा वास लागेल," व्हर्ना ओरडायची. "तुझ्या लोणच्यापुढे तेजाब काय टिकणार," नेस्टर म्हणायचा, आणि बर्फ वितळून मे उजाडेपर्यंत ती काळी पेटी तिथेच ठाण मांडून बसायची.

या वर्षी मात्र व्हर्ना त्या बॅटरीची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होती.

सॅस्कटून शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नेस्टरच्या हृदयाची झडप कामातून गेली आहे, ती बदलावी लागेल, नाहीतर पुढचा उन्हाळा दिसेलच असं नाही. ऑपरेशनची तारीखही राखून ठेवली होती. हो की नाही, एवढंच शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करून कळवायचं होतं. नेस्टर "बघू" म्हणाला होता. आज शुक्रवार होता आणि तो अजून बघतच होता.

समजावण्यात अर्थ नव्हता. नेस्टरला ढकललं की तो जागच्या जागी रुततो, हे व्हर्नाला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. म्हणून ती तोंड मिटून खुणा शोधत बसली होती. ज्याला वसंतात गाडीवर बसायचं नाही, तो ती हिवाळ्यासाठी कशाला बांधून ठेवेल? गाडी बांधली, बॅटरी घरात आली, म्हणजे म्हाताऱ्याच्या मनात जगायचं आहे. असा तिचा हिशेब होता.

तसा हा माणूस बाराही महिने हिवाळ्याचीच तयारी करायचा. धान्याच्या कोठारावर उभी हयात गेली, तिथे एक फट राहिली की पोत्याने गहू नासतो. ती सवय अंगात मुरलेली. पहिली कडाक्याची थंडी पडायच्या आत बागेतले नळ बंद, खिडक्यांना दुसरी तावदानं, पिकअपमध्ये, बर्फात अडकलं तर म्हणून, फावडं आणि मेणबत्त्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणाचा नळ गोठून फुटला की नेस्टर मदतीला धावायचा आणि काम करता करता त्याची यथेच्छ खरडपट्टी काढायचा. "बर्फ पडल्यावर नळ बंद करायला निघालास? गाढवा!" गावात सगळ्यांनी हे एकदा तरी ऐकून घेतलं होतं, पाद्रीबाबांनीसुद्धा.

सकाळी त्याने मोटारसायकल बाहेर काढली तेव्हा व्हर्नाच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. टाकी काठोकाठ भरायची, पेट्रोल हिवाळाभर टिकावं म्हणून त्यात औषध ओतायचं आणि ते इंजिनात नीट भिनेपर्यंत गाडी चालवायची, ही त्याची रीत. पण डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, आणि उत्तरेकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं.

"मी माझ्या पिकअपने पेट्रोल आणून देते की," ती म्हणाली.

"आणि गाडी कोण चालवेल? तू?"

"थांब तरी. बर्फ येतोय."

"म्हणून तर निघालोय," असं म्हणून तो गेलासुद्धा.

व्हर्नाने पेरोगीचं पीठ मळायला घेतलं. बटाट्याचं सारण भरून करंजीसारख्या कडा दाबायच्या, एवढं सोपं काम, पण आज एकेक पेरोगी उकलत होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती खिडकीकडे बघत राहिली. पहिली भुरभुर सुरू झाली. रस्ता आधी करडा झाला, मग दिसेनासा झाला. पंपावर जाऊन यायला एवढा वेळ लागत नाही. तिने पिकअपची किल्ली हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली.

शेवटी दिवा दिसला. मोटारसायकल मुंगीच्या पावलांनी येत होती आणि तिच्या मागोमाग लाइल टोलेफसनचा ट्रक. लाइल म्हणजे पलीकडच्या शेतावरचा शेजारी; मनाने सोनं, पण तोंडाला झाकण नाही. नेस्टर एकही शब्द न बोलता गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेला. लाइल टोपी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तुला सांगू नको म्हणालाय, म्हणून सांगतो. पंपाशेजारी खाली बसला होता. ओठ निळे पडलेले. मी ट्रकमध्ये घालत होतो, तर म्हणे गाडी कोण नेणार?"

व्हर्नाचे हात पिठातच राहिले. "आणखी काय म्हणाला?"

"काही नाही." लाइल टोपी फिरवत राहिला. "जाऊ दे, चलतो. चेन घालायच्यात चाकांना."

गॅरेजमधून खुडबूड ऐकू येत होती. इंजिन गरम आहे तोवर तो जुनं तेल काढून नवं भरत असणार. मग सायलेन्सरच्या तोंडात तारेच्या घासणीचा बोळा, उंदरांनी आत घर करू नये म्हणून. व्हर्नाला हे सगळं पाठ होतं. ती एकेका आवाजाला मनातल्या मनात नाव देत होती आणि भिंतीवरच्या फोनकडे बघत होती. ऑफिस बंद व्हायला आता फार वेळ उरला नव्हता.

दार उघडलं. नेस्टर आत आला. चेहरा मेणासारखा, भुवयांवर बर्फ, आणि दोन्ही हातांत ती काळी पेटी.

व्हर्नाला रडूच कोसळलं असतं. ती धावत कोठीत गेली, बरण्या बाजूला केल्या. "ठेव, ठेव इथे. यंदा मी एक शब्द बोलणार नाही."

त्याने बॅटरी फळीवर ठेवली, दम खाल्ला आणि चार्जर पुढे ओढला. "ये इकडे. नीट बघून ठेव. महिन्यातून एकदा लावायचा, एक रात्रभर. लाल चिमटा इथे, काळा इथे. आधी लाल."

"मला कशाला दाखवतोस?"

"अगं, बघून ठेव. मे महिन्यात लाइल येईल. त्याच्याशी बोललोय. गाडी त्याला द्यायची. एका फटक्यात चालू व्हायला हवी, नाहीतर जन्मभर नावं ठेवील."

व्हर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. लाइल टोपी का फिरवत होता ते आता कळलं. जिच्यावर तिने सगळी आशा टांगली होती ती खूण आली होती, आणि तिचा अर्थ नेमका उलटा होता. हा माणूस वसंताची तयारी करत नव्हता. तो स्वतःचीच निरवानिरव करत होता.

तिने बॅटरी उचलली. ताडताड चालत मागचं दार उघडलं, पायरीवरच्या बर्फात बॅटरी आदळली आणि आत येऊन, दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"वेड लागलं का तुला? मरेल ती!"

"मरू दे. मी एकदाही चार्जर लावणार नाही. शिकणारच नाही मी! तुला ती जगवायची असेल तर तू जग आणि तूच लाव."

"व्हर्ना, बाजूला हो."

"नाही होत."

तिला हाताने बाजूला सारायची हिंमत त्याला आजवर कधी झाली नव्हती, आजही झाली नाही. दाराच्या काचेतून त्याला बॅटरी दिसत होती. तिच्यावर बर्फ साचत होता. नेस्टर खुर्चीवर बसला.

"वॉल्टर ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही," शेवटी तो म्हणाला. वॉल्टर हा त्याचा थोरला भाऊ. "जाताना हसत होता. मला म्हणाला, भट्टीत लाकूड घालून ठेव, आलोच. मला भीती वाटते, व्हर्ना. बस, एवढंच."

इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून तिने ऐकला नव्हता. तिचा राग तिथेच विरघळला, पण दार तिने सोडलं नाही.

"मलाही वाटते. रात्री तुझा श्वास मोजत पडते मी. पण वॉल्टर दोन वर्षं ऑपरेशनला आज जातो, उद्या जातो करत बसला. गेला तेव्हा जिना चढता येत नव्हता त्याला. बर्फ पडल्यावर नळ बंद करायला निघणाऱ्याला तू काय म्हणतोस रे?"

नेस्टरने पुन्हा काचेकडे पाहिलं. मग टेबलाचा आधार घेऊन उठला, भिंतीपाशी गेला आणि फोन उचलला. पहिल्यांदा आकडा चुकला. त्याने शिवी हासडली आणि पुन्हा फिरवला.

"हनातियुक बोलतोय. हो, झडपवाला." थोडा थांबला. "चालेल. येतो त्या तारखेला."

फोनच्या तोंडावर हात ठेवून तो तिच्याकडे वळला. "त्याला मी गाढव म्हणतो. आता तरी ती आत आण, बाई."

व्हर्ना बाहेर गेली. बॅटरीवरचा बर्फ तिने एप्रनने पुसला, कानाकोपऱ्यातलासुद्धा, आणि ती परत फळीवर, बीटाच्या बरण्यांना अगदी खेटून ठेवली. चार्जर शेजारीच होता. लाल चिमटा कुठे लावायचा ते तिने पाहिलं होतं. तिने त्याला हात लावला नाही.